दयेचा अधिकार कोणाला?

गेल्या आषाढी वारीत लोणंदच्या मुक्कामी घडलेली ही गोष्ट. दुपारची जेवणे आटोपली होती. पाऊस नुकताच उघडला होता आणि राहुट्यांच्या दोरांवर ओली धोतरे, लुगडी वाळत पडली होती. आमच्या दिंडीतील एक वयोवृद्ध माळकरी जोडपे माझ्याजवळ येऊन बसले. त्यांचा थोरला मुलगा अमेरिकेत मिझुरी राज्यात नोकरीला आहे. त्याने फोनवर एक छायाचित्र पाठविले होते. त्यात सात वर्षांचा नातू बसलेला, आणि त्याच्या मांडीवर डोके टाकून एक काळेपांढरे कुत्रे निजलेले.

आजोबा कौतुकाने म्हणाले, "बुवा, हे कुत्रं तुरुंगात शिकलंय. तिथले कैदी टाकलेली कुत्री सांभाळतात, शिकवतात, आणि मग लोक ती घरी नेतात. आमच्या पोरानं तसंच एक आणलंय."

मी काही बोलण्याच्या आत आजी म्हणाल्या, "मला न्हाई पटलं. ज्याच्या हाताला माणसाचं रगत लागलंय, त्याच्या हातचं कुत्रं माझ्या नातवाच्या उशाला? आणि असल्या माणसाला दया करायचा अधिकार दिला तरी कुणी?"

आजोबा खाली बघू लागले. मीही गप्प राहिलो. कारण मला ठाऊक होते, की बावीस वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात या माउलीच्या पाठच्या भावाचा खून झाला. मारणारा शिक्षा भोगून परत आला आणि आज त्याच गावात राहतो. पाणवठ्यावर, बाजारात तो समोर येतो. तेव्हा आजींचा प्रश्न हा अडाणीपणाचा प्रश्न नव्हता. तो सोसलेल्या माणसाचा प्रश्न होता, आणि अशा प्रश्नाला चटकन उत्तर देणारा माणूस बहुधा स्वतः काही सोसलेला नसतो. वारीहून परतल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले आणि मनाशी घोळविले. ते आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम ही गोष्ट आहे तरी काय, ते समजून घेऊ.

अमेरिकेत आपल्यासारखी गल्लोगल्ली मोकाट कुत्री फारशी दिसत नाहीत. मालकाने सोडलेले, हरवलेले किंवा रस्त्यावर सापडलेले कुत्रे तेथे निवाऱ्यात नेऊन ठेवतात. नवा मालक मिळाला तर त्याचे दैव उघडले. पण जागा अपुरी पडली, किंवा जनावर आजारी, भित्रे, अंगावर येणारे निघाले, की पुष्कळदा त्याला सुई देऊन मारतात. तेथील एका जुन्या प्राणिदया संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली अशी सुमारे ३ लाख ९० हजार कुत्री मारली गेली. पूर्वी हा आकडा याहून मोठा होता. यातील कितीतरी जनावरांचा दोष एवढाच, की त्यांना कोणी काही शिकविलेले नसते. ती पट्टा ओढतात, आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारतात, घरात घाण करतात. म्हणून पहिला मालक टाकतो, आणि त्याच कारणाने दुसरा मिळत नाही.

त्याच देशात तुरुंगही भरलेले आहेत. राज्यांच्या आणि मध्यवर्ती सरकारच्या तुरुंगांत मिळून २०२२ च्या अखेरीस बारा लाखांहून अधिक माणसे होती. कैद्याजवळ दुसरे काही नसले तरी वेळ मात्र अमाप असतो. निवाऱ्यातल्या नोकराजवळ नेमका तोच नसतो. एका टाकलेल्या जनावराला माणसाळवायचे तर कोणीतरी दिवसरात्र त्याच्यापाशी बसावे लागते. तेव्हा ज्याला वेळ हवा ते आणि ज्याचा वेळ खायला उठतो तो, या दोघांची गाठ घालून द्यावी, असा हा व्यवहार आहे.

मिझुरीच्या तुरुंग खात्याने २०१० साली 'पपीज फॉर पॅरोल' या नावाने हे काम सुरू केले. कैद्याच्या सुटीला पॅरोल म्हणतात, हे आपल्याकडेही माहीत आहे. येथे ती सुटी कुत्र्याला मिळते. निवारा कुत्री निवडून देतो आणि तुरुंग माणसे निवडतो. वर्तणूक नीट असलेल्यालाच हे काम मिळते. अशा पुष्कळ कार्यक्रमांत लहान मुलांना किंवा जनावरांना छळलेल्या कैद्याला घेतच नाहीत. कुत्रे कैद्याच्या कोठडीतच राहते. खाटेजवळ त्याची जाळीची पेटी असते. त्याचे खाणे, धुणे, फिरविणे, रात्री कण्हले तर उठणे, हे सारे कैद्याकडे. बस, थांब, ये, सोड, असे एकेक सांगणे त्याला समजू लागते. शिकविण्याची रीत माराची नाही. चांगले केले की खाऊचा तुकडा आणि पाठीवर हात. दोन महिने, कधी त्याहून अधिक, असे चालते. शेवटी 'कॅनाइन गुड सिटिझन' म्हणजे 'सुजाण नागरिक कुत्रा' अशा नावाची दहा कलमांची परीक्षा होते. अनोळखी माणूस जवळ आला तर बिथरायचे नाही, गर्दीतून पट्टा न ओढता चालायचे, दुसरे कुत्रे दिसले तरी शांत राहायचे, असे त्यात असते. (एकादशीला दर्शनाच्या रांगेत ही परीक्षा घेतली, तर आपल्यातले किती उत्तीर्ण होतील, हा विचार ज्याचा त्याने करावा!) उत्तीर्ण झाले की ते कुत्रे कोणा कुटुंबाच्या घरी जाते. मिझुरीतून अशी हजारो कुत्री घरोघरी गेली आहेत.

आता हे सुचले कोणाला, ते पाहू. कारण आजींच्या प्रश्नाची वाट तेथूनच जाते.

ओहायो राज्यात लायमा गावी गुन्हेगार मनोरुग्णांना कोंडून ठेवण्याचे सरकारी रुग्णालय होते. तेथल्या एका कक्षातील माणसे कोणाशी बोलत नसत, एकमेकांना मदत तर दूरच. १९७५ साली त्यांना एक जखमी चिमणी सापडली. त्यांनी ती लपवून ठेवली आणि तिच्यासाठी किडे पकडून आणू लागले. जी माणसे कधी एकत्र येत नसत ती एका चिमणीच्या घासासाठी एकत्र आली. डेव्हिड ली नावाच्या तेथील समाजसेवकाने हे पाहिले. तो रागावला नाही. त्याने विचार केला. पुढे एका कक्षात पाळीव प्राणी ठेवले आणि दुसऱ्यात नाही, असे वर्षभर करून पाहिले. प्राणी असलेल्या कक्षात औषधे निम्मीच लागली आणि मारामाऱ्या कमी झाल्या, अशी नोंद झाली.

दुसरी गोष्ट सिस्टर पॉलिन क्विन या बाईंची. लहानपणी घरात छळ झाला म्हणून ही मुलगी पळून गेली. मग या संस्थेतून त्या संस्थेत, तेथून रस्त्यावर, असे तिचे आयुष्य गेले. माणसावरचा तिचा विश्वासच उडाला होता. पुढे जोनी नावाची एक जर्मन शेपर्ड कुत्री तिच्या आयुष्यात आली. कुत्री बरोबर असली की लोक आपल्याला नीट वागवतात, आपणही मान वर करून चालू शकतो, असे तिच्या ध्यानात आले. पुढे ती ख्रिस्ती डॉमिनिकन पंथाची जोगीण झाली. आपल्याला जे मिळाले ते तुरुंगातल्या बायकांना मिळावे, अशी तिची तळमळ होती. वॉशिंग्टन राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे प्रमुख डॉ. लिओ बुस्टाड यांना ती जाऊन भेटली. हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात स्वतः युद्धकैदी होते; कोंडून राहणे म्हणजे काय, ते त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. दोघांच्या खटपटीने १९८१ साली त्या राज्यातील पर्डी येथील स्त्रियांच्या तुरुंगात कैदी बायकांनी कुत्री शिकविण्यास प्रारंभ झाला. निवाऱ्यातून आणलेली कुत्री शिकून अपंगांच्या सोबतीला जाऊ लागली. सिस्टर पॉलिन २०२० साली वारल्या. तोवर हे काम अमेरिकेतील अनेक राज्यांत पोहोचले होते.

पाहा, यांतला एकही माणूस सुखवस्तू घरात बसून दया करायला निघालेला नाही. चिमणीला जपणारे वेडे आणि गुन्हेगार, कुत्र्याचा आधार घेणारी टाकलेली मुलगी, आणि तिचे ऐकणारा एकेकाळचा कैदी.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. वाल्या कोळ्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याने वाटसरू मारले आणि रांजणात खडे टाकले. पुढे तो वाल्मीकी झाला, हे सगळे सांगतात. पण वाल्मीकींच्या मुखातून पहिला श्लोक कशासाठी निघाला? पारध्याने क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला नर मारला, मादी आक्रोश करू लागली, आणि तो शोक श्लोक झाला. या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्याने माणसे मारताना मागे पाहिले नाही, त्याचेच काळीज एका पाखरासाठी फुटले. जन्मभर कोणाला न दुखावलेला एखादा सज्जनही त्या नदीकाठी उभा असेल. तो म्हणाला असेल, "पारध्याचा धंदाच तो!" आणि पुढे गेला असेल. मारणे म्हणजे काय, हे ज्याला आतून कळले, त्यालाच ते सोसवले नाही.

म्हणून आजींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की दयेचा अधिकार शुद्ध माणसाला बक्षीस म्हणून मिळत नाही. तो आधी सोपवावा लागतो. ते ओझे वाहता वाहता माणूस शुद्ध झाला तर होतो. औषध घ्यायला ये, पण आधी बरा होऊन ये, असे कोणता वैद्य म्हणेल?

पण येथे थांबलो तर आपण आजींशी अन्याय करू. त्यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते पुरते म्हटले पाहिजे.

पहिली शंका अशी, की कुत्र्यावर दया केली म्हणून माणसाचे रक्त धुतले जाते काय? नाही. शंभर कुत्री वाचविली तरी एक मेलेला भाऊ परत येत नाही. ते खाते वेगळे आणि हे वेगळे. वाल्याच्या कथेतही बायकोमुलांनी सांगितले, की तुझ्या पापात आमचा वाटा नाही. ते तुझे तुलाच भोगले पाहिजे. तसेच शिक्षा ही शिक्षाच आहे आणि ती भोगलीच पाहिजे. ज्यांचे माणूस गेले त्यांना कोणी "आता क्षमा करा, तो सुधारला" असे सांगू नये. क्षमा ज्याची त्याने करायची असते. दुसऱ्याने ती मागून आणायची नसते. मी म्हणतो ते इतकेच, की शिक्षा भोगणाऱ्या माणसाने त्या दहावीस वर्षांत भिंतीकडे पाहत अधिक कठोर व्हावे, यात मेलेल्यालाही काही मिळत नाही आणि जिवंताला तर नाहीच.

दुसरी शंका विश्वासाची. हे लोक फसवतील. होय, फसवतात. कॅन्सस राज्यातील लान्सिंग येथील तुरुंगातून २००६ साली जन्मठेपेचा एक कैदी कुत्र्याच्या पेटीत लपून पळाला, आणि त्याला गाडीतून नेणारी बाई त्या कुत्र्यांच्या कामाचीच चालक होती. दोघेही दोन आठवड्यांच्या आत पकडले गेले. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या कामावर झालेले बहुतेक अभ्यासही लहान आहेत. कुत्रे दिले की कैदी सुधारलाच, असे कोणी म्हणू नये. पण एका लबाडीने विश्वासाची रीतच खोटी ठरत नाही. हे आपल्या महाराष्ट्राला कोणी अमेरिकेतून येऊन शिकवायला नको. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची बिनभिंतींची वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना, आणि औंधच्या राजेसाहेबांनी ती उचलून धरली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तेथे उघड्यावर शेती करीत. त्यावरूनच ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढला. आपल्या आईवडिलांच्या पिढीने तो पाहून डोळे पुसले. पण बोलपटातल्या कैद्यासाठी रडणे सोपे. वेशीवर आलेल्या कैद्याला "ये, बस" म्हणणे अवघड.

तिसरी शंका मला स्वतःला आली. ही दया कोणावर? कुत्र्यावर की कैद्यावर? कैद्याच्या सुधारणेसाठी मुक्या जनावराचा अवजारासारखा उपयोग होत असेल, तर ती भूतदया कसली? यावर मी बराच विचार केला. जेथे जनावराची निगा नीट होत नाही, त्याला तपासायला वैद्य येत नाही, तेथे ही शंका खरीच आहे आणि ते काम बंदच व्हावे. पण जेथे निगा होते, तेथे मरणाच्या दारातून निघालेले कुत्रे जिवंत घरी पोहोचते. एकाचा लाभ दुसऱ्याच्या तोट्यातून येत नाही. दोन पांगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालले, तर कोणी कोणाचा उपयोग केला, हे कसे ठरवणार?

याचा एक दाखला सांगतो. मिझुरीतच लिकिंग गावच्या तुरुंगात एक बहिरे कुत्रे आले. बुटक्या पायांचे, लांबट अंगाचे, डॅकशंड जातीचे. नाव स्पार्की. हाक ऐकू येत नाही त्याला शिकविणार कसे? त्या कैद्यांनी हाताच्या खुणांनी शिकविण्यास सुरुवात केली. फुल्टन गावी मूकबधिर मुलांची सरकारी शाळा आहे, तिच्याशी पत्रव्यवहार झाला. पुढे २०१२ च्या सुमारास ते कुत्रे त्या शाळेनेच घेतले. ज्या मुलांना ऐकू येत नव्हते त्यांच्या हातांची भाषा कळणारे कुत्रे त्यांना मिळाले. आणि ते दिले कोणी? ज्यांना त्या शाळेच्या फाटकापर्यंत जाण्याचीही मुभा नव्हती, त्यांनी.

या कामाचे सगळ्यांत कठीण अंग मात्र अजून सांगावयाचे आहे. परीक्षा झाली की कुत्रे जाते. ज्याने रात्री उठून त्याला जवळ घेतले, ज्याच्या पावलांचा आवाज ओळखून ते शेपूट हलवीत असे, त्याने त्याचा पट्टा दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि मोकळ्या पेटीजवळ येऊन निजायचे. थोड्या दिवसांनी दुसरे कुत्रे येणार. पुन्हा तेच भिणे, तेच गुरगुरणे, तेच पहिल्यापासून शिकविणे, आणि पुन्हा तोच निरोप. आपण संसारात ममत्व सोडण्याच्या गोष्टी बोलतो. टाळ वाजवून "माझे माझे सोड" असे सांगणे माझ्यासारख्याला फार सोपे आहे. पण आपण वाढविलेले जिवाभावाचे जनावर, ते दुसऱ्याच्या घरी सुखी होणार एवढ्याच समाधानावर, हसून देऊन टाकणे मला जमेल की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्याने आयुष्यात एकदा दुसऱ्याचे हिसकावून घेतले, त्याला वारंवार आपले देऊन टाकण्याचा अभ्यास घडतो. याहून नेमके प्रायश्चित्त मला तरी सुचत नाही.

आता थोडे आपल्याकडे पाहू. वाटेवर एखादे कुत्रे दिंडीला लागते. पताकेच्या मागे मागे चालते. आपण त्याला भाकरीचा तुकडा टाकतो, "पूर्वजन्मीचा वारकरी दिसतो" असे म्हणतो, कोणी त्याच्या कपाळाला बुक्काही लावतो. पंढरपूर येते, दर्शन होते, आणि आपण गाडीत बसून घरी येतो. त्या कुत्र्याचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? मीही कधी विचारले नव्हते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा मी कीर्तनात कितीदा सांगितली असेल! पण धावणारे नामदेव सांगताना मी स्वतः बसूनच होतो. तुकडा टाकणे ही दयेची सुरुवात आहे, पण तो टाकून आपण मोकळे होतो. त्या कैद्याला मोकळे होता येत नाही. जनावर रात्री कण्हले तर त्यालाच उठावे लागते. म्हणून त्याची दया ही जबाबदारी असते, आणि आपली पुष्कळदा हौस असते.

तुरुंगातून परतलेल्या माणसाचेही तसेच. वारीत कोणी कोणाला "तू कोठून आलास" असे विचारत नाही, हे आपले भूषण खरे. पण गावात? त्याला काम कोण देतो? जनावर राखायला, पाण्याची पाळी सांभाळायला, देवळाचे अंगण झाडायला त्याच्यावर कोण विसंबतो? ज्याच्या घरातले माणूस गेले त्याच्याकडून मी ही अपेक्षा करणार नाही. परंतु बाकीचे आपण, ज्यांचे त्याने काही नेलेले नाही, त्यांनी थोडा विचार करावा.

कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात आजी पुन्हा भेटल्या. वर लिहिले ते थोडक्यात मी त्यांना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बुवा, आमच्या गावात जो हाय त्याला म्या क्षमा केलेली न्हाई. होईल की न्हाई, पांडुरंगालाच ठाव."

मी म्हटले, "माउली, मी ते सांगायला आलोच नाही."

त्या उठल्या. चार पावले गेल्या आणि परत फिरल्या.

"एक इचारू? ते कुत्रं आमच्या नातवाकडं धाडलं, त्या रातीला त्यो कैदी जेवला असंल का वो?"

मला उत्तर देता आले नाही. पण पाच महिन्यांपूर्वी ज्याचे नावही त्यांना नकोसे होते, त्याच्या जेवणाची काळजी त्यांच्या तोंडून आली, हे मी ऐकले. दयेचा अधिकार कोणाला, या प्रश्नावर मी इतकी पाने लिहिली. त्या माउलीने तो एका वाक्यात बजावला.

रामकृष्णहरि!